आयटीआयचा वीजतंत्री अभ्यासक्रम: दोन वर्षांत काय हाती लागतं, काय साइटवरच शिकावं लागतं

दहावी झालेल्या मुलाला विजेच्या कामात शिरायचं तर दोन वाटा असतात. सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत (आयटीआयत) वीजतंत्री व्यवसायाला प्रवेश घ्यायचा, किंवा ओळखीच्या वायरमनकडे हेल्पर म्हणून लागायचं आणि पहिल्या दिवसापासून रोजची मजुरी घ्यायची. दुसऱ्या वाटेने गेलेला पोरगा दोन वर्षांत अख्खा फ्लॅट वायरिंग करून देतो, तर आयटीआयवाला तेव्हा फळ्यावर आकृती काढत असतो, हे बोलणं घरोघरी ऐकू येतं. हे परीक्षण पहिल्या वाटेचं आहे. मत सुरुवातीलाच सांगतो: ही दोन वर्षं जरूर द्यावीत, पण फक्त त्यांच्या बळावर स्वतंत्र काम अंगावर घेऊ नये.

अभ्यासक्रम दोन वर्षांचा. एका तुकडीत २० जण, हजेरी ८० टक्के लागते, वर्षाअखेरीस अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा. महाराष्ट्रात प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या ऑनलाइन प्रक्रियेतून, दहावीच्या गुणांवर होतो. पहिल्या वर्षी सुरक्षितता, तारांचे जोड, सोल्डरिंग, बॅटरी, घरगुती वायरिंग, अर्थिंग, मोजणीची उपकरणं, ट्रान्सफॉर्मर. दुसऱ्या वर्षी मोटारी, वाइंडिंग, स्टार्टर, कंट्रोल पॅनल, ड्राइव्ह, इन्व्हर्टर, सौरऊर्जा. सरकारी संस्थेतली फी खाजगीच्या मानाने फारच कमी, त्यामुळे पैशाचा प्रश्न खरं तर बुडालेल्या मजुरीचा असतो. गरीब घराला तो मोठा असतो आणि त्याला कमी लेखू नये.

आता या दोन वर्षांत नेमकं काय मिळतं ते पाहू. सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे मोजायची सवय. अर्थिंगचं, म्हणजे बिघाडात वीज जमिनीत नेणाऱ्या जोडणीचं, उदाहरण घ्या. साइटवर अर्थिंग तपासायची सर्वमान्य पद्धत म्हणजे फेज (वीज आणणारी तार) आणि अर्थच्या मध्ये १०० वॅटचा बल्ब लावायचा. लखलखीत पेटला की अर्थिंग चांगलं. हिशोब करून बघा. २३० व्होल्टवर हा बल्ब ०.४३ अँपिअर घेतो, म्हणजे पेटलेल्या फिलामेंटचा रोध सुमारे ५३० ओहम. अर्थचा रोध ५० ओहम असला, म्हणजे अर्थिंग अगदीच टाकाऊ असलं, तरी बल्बला २१० व्होल्ट मिळतात आणि तो झकास पेटतो. त्याच घरात गीझरच्या धातूच्या टाकीला फेज लागला तर अर्थमधून वाहणार जेमतेम ४.६ अँपिअर. १६ अँपिअरची एमसीबी (करंट मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच) त्याकडे ढुंकूनही बघणार नाही आणि टाकी जिवंत राहील. अशा घरात आरसीसीबी (करंट जमिनीकडे गळू लागला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर पुढे काय होतं ते वेगळं सांगायला नको. अर्थ टेस्टर, दोन खुंट्या आणि थोडी मोकळी जमीन घेऊन हा रोध ओहममध्ये मोजणं आयटीआयत प्रत्यक्ष करून घेतात. वीस वर्षं बल्बवर काम केलेल्या मिस्त्रीला त्या बल्बने काय लपवलं हे कळायला मार्गच नसतो, कारण बल्ब दरवेळी पेटलेलाच असतो. अनुभव चूक दाखवणाऱ्या कामातच शिकवतो. जिथे चूक वर्षानुवर्षं गप्प राहते, तिथे पुस्तकच लागतं.

एमसीबीचंही तसंच. एसी लावला, एमसीबी पडू लागली, म्हणून १६ काढून ३२ टाकली, हे घडताना कितीतरी घरांत दिसतं. एमसीबी भिंतीतल्या तारेसाठी असते. भिंतीत २.५ चौरस मिलिमीटरची तार तशीच राहिली तर आता तारेच्या कुवतीपेक्षा जास्त करंट तासन्‌तास वाहू शकतो. वरून, एमसीबी थोड्याशा ओव्हरलोडवर लगेच पडत नाही. तिच्या रेटिंगच्या १.४५ पट करंटला पडायला तिला तासापर्यंत मुभा असते. असं वारंवार झालं की इन्सुलेशन कडक होऊन तडकतं. हे तक्ते आणि वक्र वर्गात कंटाळवाणे वाटतात, पण तार कोणत्या मापाची आणि ब्रेकर कोणता याचं उत्तर तिथेच असतं.

वाइंडिंगमध्ये, म्हणजे मोटारीत तारेचे वेढे भरण्यात, दोन्ही वाटांमधला फरक फार स्पष्ट दिसतो. शेतपंपाच्या जळालेल्या मोटारी भरणारी दुकानं तालुक्याच्या प्रत्येक गावी आहेत आणि तिथल्या कारागिरांचा हात आयटीआयच्या कुठल्याही विद्यार्थ्यापेक्षा सफाईदार असतो. जुनी कॉइल कापायची, वेढे मोजायचे, तारेचा गेज मायक्रोमीटरने बघायचा, तसंच पुन्हा भरायचं. जुनी भरणी बरोबर असेल तोवर हे उत्तम चालतं. पण आधीच्या दुकानदाराने वेढे कमी टाकले असतील तर? चूक जशीच्या तशी पुढे जाते. वेढे कमी झाले की चुंबकीय प्रवाह वाढतो, बिनभाराचा करंट चढतो, कोअर तापतो आणि मोटर एका हंगामात पुन्हा दुकानात येते. शेतकरी व्होल्टेजला दोष देतो. आयटीआयत ३६ खाचा, ४ पोल, ३ फेज असा आराखडा काढायला लावतात: प्रत्येक पोलला ९ खाचा, एका खाचेला २० विद्युत अंश, दोन फेजमध्ये १२० अंश म्हणजे ६ खाचा, म्हणून तीन फेजची सुरुवात १, ७ आणि १३ क्रमांकाच्या खाचेत. ज्याला हे येतं तो नेमप्लेट नसलेली मोटरही हिशोबाने तपासू शकतो, आणि भरणी झाल्यावर बिनभाराचा करंट तिन्ही फेजवर क्लॅम्प मीटरने (तार न तोडता करंट मोजणाऱ्या मीटरने) बघून ती सारखी आहे की नाही ते सांगू शकतो. मात्र आयटीआयत विद्यार्थी एकट्याने पूर्ण मोटर क्वचितच भरतो. तुकडीला मोटारी मोजक्या, हात चार-पाच जणांचे चालतात आणि बाकीचे बघतात. खाचेत कागद नीट न बसल्यामुळे तारेवरचं इनॅमल खरवडणं, वार्निश आत पोचण्याआधीच मोटर भट्टीतून काढणं, या चुका दुकानातच समजतात.

आता उणिवा. घरगुती वायरिंग इथे लाकडी बोर्डावर शिकवतात. गोदामाच्या वायरिंगपासून जिन्याच्या स्विचिंगपर्यंत, दोन ठिकाणांहून एक दिवा, सगळं डोळ्यांसमोर. खरी इमारत तशी नसते. स्लॅबमध्ये पाईप टाकण्याचं काम सळई बांधून झाल्यावर आणि काँक्रीट पडण्याआधी मिळणाऱ्या थोड्या तासांत उरकायचं असतं. पाईप सळईला तारेने बांधला नाही तर काँक्रीट ओतताना तरंगतो; जोडाला सोल्युशन लावलं नाही किंवा टोकं बंद केली नाहीत तर आत सिमेंटचं पाणी जाऊन पाईप कायमचा बुजतो; व्हायब्रेटरखाली आलेला पाईप चेपतो. स्लॅब भरताना एक माणूस तिथे उभा ठेवावा लागतो. दोन ड्रॉ बॉक्सच्या (तार ओढायच्या पेट्यांच्या) मध्ये वळणं फार झाली तर तार ओढताना इन्सुलेशन सोलतं आणि दोष सहा महिन्यांनी निघतो. हे कुठल्याही कार्यशाळेत पुरतं शिकवता येत नाही. साइटवरचा हेल्पर पहिल्या पावसाळ्याआधीच यात तरबेज झालेला असतो.

दोष शोधण्यातही आयटीआयचा विद्यार्थी सुरुवातीला अडखळतो. आरसीसीबी पडते, ही रोजची तक्रार. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी फेज आणि न्यूट्रलच्या (परतीच्या तारेच्या) करंटमधला फरक पकडते, एवढं त्याला पाठ असतं. तो एकेक एमसीबी खाली करतो आणि सगळ्या बंद केल्या तरी आरसीसीबी पडतेच, तिथे गाडी अडते. कारण साधी एमसीबी फक्त फेज तोडते. कुठल्यातरी बॉक्समध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना चिकटलेले असतात आणि न्यूट्रल अजून जोडलेलाच असतो. बरोबर पद्धत अशी: मेन स्विच बंद करा आणि टेस्टरने नव्हे, मीटरने खात्री करा. न्यूट्रल लिंकवरून प्रत्येक सर्किटचा न्यूट्रल सुटा करा. सॉकेटमधल्या वस्तू काढा, सर्ज प्रोटेक्टर असेल तर तोही सोडवा. मग ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने) एकेक न्यूट्रल अर्थशी तपासा. एक मेगाओहमच्या खाली जो येईल तो गुन्हेगार. तीन फेजच्या घरात लाइन चालू ठेवून न्यूट्रल सैल केला तर एखाद्या फेजवर व्होल्टेज चारशेच्या दिशेने चढतं आणि टीव्ही-फ्रिज एका क्षणात जातात, म्हणून मेन बंद करण्याला पर्याय नाही. सगळी सर्किटं नीट निघाली तर दोन आरसीसीबींच्या दोन भागांनी एकच न्यूट्रल वापरलाय का ते बघा. नूतनीकरणात हे हमखास होतं. नुसता साइटवर शिकलेला माणूस अशा वेळी आरसीसीबीच काढून टाकतो, आणि घरातलं माणसांचं शेवटचं संरक्षण जातं. नुसता वर्गात शिकलेला दिवसभर डीबीसमोर (घरभर वीज वाटणाऱ्या पेटीसमोर) उभा राहतो. ज्याला मेगर वापरता येतो आणि जुन्या इमारतीत बॉक्स कुठे दडलेले असतात हेही ठाऊक आहे, तो दुपारच्या आत काम संपवतो. असा माणूस घडवणं हीच कोणत्याही शिक्षणाची कसोटी असायला हवी.

कागदाची किंमतही आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. महावितरणच्या विद्युत सहायक पदाच्या भरतीत वीजतंत्री किंवा तारतंत्रीचं प्रमाणपत्र लागतंच. हात कितीही चांगला असला तरी त्याशिवाय अर्ज भरता येत नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. उलट, पंधरा वर्षं काम केलेल्या कुशल माणसाला आपल्याकडे फार थोडी दारं उघडी आहेत. आधीच्या कौशल्याला मान्यता देणाऱ्या सरकारी योजनेतून काही दिवसांचं मार्गदर्शन आणि मूल्यमापन होऊन प्रमाणपत्र मिळतं, पण दोन वर्षांच्या प्रमाणपत्राची जागा ते घेत नाही. हा अन्याय आहे. कौशल्य तपासायची परीक्षा कडक ठेवावी, पण तिच्यापर्यंत पोचायला वर्गातली हजेरी हाच एक दाखला मागू नये.

प्रवेश घेताना संस्थेचं नाव बघून थांबू नका. मान्यता व्यवसायागणिक आणि तुकडीगणिक असते. जोडारीला (फिटरला) मान्यता आहे म्हणून वीजतंत्रीला असेलच असं नाही. खाजगी संस्था असेल तर हे राष्ट्रीय पोर्टलवर आधी तपासा. प्रत्यक्ष कार्यशाळेत जा. मेगर आणि अर्थ टेस्टर कपाटात कुलूपबंद आहेत की टेबलावर? मोटारींच्या टर्मिनलवर पान्याच्या खुणा आहेत की रंग तसाच आहे? वीजतंत्रीला स्वतःचा निदेशक आहे की दुसऱ्या व्यवसायाचे शिक्षक तासिका घेतात? वापरून झिजलेली कार्यशाळा नव्या कोऱ्या कार्यशाळेपेक्षा चांगली समजा.

आणि तिसरं वर्ष सोडू नका. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात किंवा वीज कंपनीत उमेदवारी करता येते. २०१९ च्या दुरुस्तीत आयटीआय झालेल्यांसाठी किमान विद्यावेतन महिना ७,००० रुपये ठरलं होतं. जागा निवडताना विद्यावेतनापेक्षा काम काय मिळणार ते विचारा. वर्षभर एकाच पॅनल लाइनवर लग (तारेच्या टोकाचे धातूचे जोड) दाबायला बसवणार असतील तर तिथलं प्रमाणपत्र मिळेल, शिक्षण मिळणार नाही. देखभाल विभागात पाळी मिळते का, बिघाड झाला की उमेदवाराला सोबत नेतात का, मोटर उघडू देतात का, हे तिथे आधी उमेदवारी केलेल्या मुलांकडून काढून घ्या. घरगुती कामच करायचं असेल तर परवानाधारक ठेकेदार गाठा, आणि त्याच्याकडे निदान एक स्लॅब पायपिंगपासून डीबी चालू होईपर्यंत पूर्ण करा. स्वतःचा क्लॅम्प मीटर आणि मेगर पहिल्या कमाईतून घ्या, ड्रिल मशीन नंतर.