बिलाविना घेतलेली पऱ्हाटी

सावनेर तालुक्यात आमचं चार एकर काळं रान, त्यात पऱ्हाटी, म्हणजे कापूस. मी नागपुरात नोकरीला, म्हणजे शनिवार-रविवारचा शेतकरी. निंदणाला बाया मिळत नाहीत. झड लागली की पंधरा-पंधरा दिवस वावरात डवरा घालता येत नाही, तोवर केना आणि गाजर गवत गुडघ्याला लागतं. बियाणं विकणाऱ्याला आमचं हे दुखणं नेमकं ठाऊक होतं.

2024 च्या मे महिन्यात तो आला, पाहुण्याच्या ओळखीनं. दुकान नाही, मोटरसायकलला पिशवी. "भाऊ, हे तणनाशकाची पऱ्हाटी आहे. वरून ग्लायफोसेट मारा, गवत जळते, पऱ्हाटीले काही होत नाही." तेव्हा बीटीच्या, म्हणजे बोंडअळीविरुद्ध जनुक घातलेल्या मान्य कापसाच्या, थैलीचा सरकारी भाव 864 रुपये होता. यानं 1,500 सांगितले. आठ थैल्यांचे 12,000 मोजले. बिल मागितलं तर हसला, "बिल कायचं? याले सरकारची मान्यताच नाही." अख्ख्या व्यवहारात तो एवढंच खरं बोलला, आणि मी तेवढंच ऐकलं नाही.

पेरणीनंतर महिन्यानं फवारलं. पाचव्या दिवशी पानं पिवळी, बाराव्या दिवशी दहातली सात झाडं वाळलेली. थोडं खरं बियाणं, बाकी साधी बीटी, अशी भेसळ असावी. साध्या पऱ्हाटीला ग्लायफोसेट पानातून मुळापर्यंत मारतं. गंमत म्हणजे केना हिरवागार उभा! तो ग्लायफोसेटला सहसा दाद देत नाही, हे नंतर कळलं.

त्याचा फोन बंद. तालुक्याच्या कृषी कार्यालयात तक्रार करायला गेलो तर बिल, टॅग, लॉट नंबर विचारले. माझ्याकडे कोरी पिशवी. साहेब रागावले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. खाड्यांमध्ये, म्हणजे झाडं मेलेल्या जागी, तूर टोबली, मुद्दलही निघालं नाही.

तणनाशक सहन करणाऱ्या कापसाला आपल्या देशात मान्यता नाही, त्यामुळे असं बियाणं अस्सल निघालं तरी तक्रारीला जागा नाही. आता परवानाधारक कृषी केंद्रातूनच घेतो. बिल, टॅग आणि मूठभर बियाणं वेचणी होईपर्यंत जपतो. पेरल्याबरोबर, उगवण्याआधी पेंडीमेथॅलिन हे तणनाशक मारतो, पुढं तण दोन-चार पानांचं असताना कापसात चालणारं पायरिथिओबॅक सोडियम. उरलेलं निंदण.

तो माणूस परवा शेजारच्या गावात येऊन गेला म्हणे. पेरण्या व्हायच्या आहेत, म्हणून आजच लिहिलं.