शहरातली ती, रँचवरचा तो: कथा मोंटानात घडवावी की टेक्सासात?

शहरी नायिका आणि रँचवरचा (गुरं पाळण्याच्या मोठ्या शेतावरचा) नायक अशी आजच्या काळातली वेस्टर्न प्रेमकथा लिहायची असेल, तर अमेरिकेतलं राज्य आधी ठरवा. टोप्या, घोडे आणि पिकअप ट्रक मोंटानातही आहेत आणि टेक्सासातही. पण दोघांचं बिनसणार कशावरून, ते राज्यागणिक बदलतं. मोंटानात ऋतू आडवा येतो, टेक्सासात कागदपत्रं.

मोंटाना महाराष्ट्रापेक्षा मोठं आहे. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे ११ लाख, आणि गुरं त्याच्या साधारण दुप्पट. गाय जवळपास २८३ दिवस गाभण राहते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला कळपात वळू सोडले की बऱ्याच रँचवर फेब्रुवारीअखेर ते एप्रिल वेतांचा हंगाम येतो. पहिलारू गाईंकडे रात्रीसुद्धा दर दोन-तीन तासांनी फेरी मारावी लागते. वासरू आडवं आलं आणि ते वेळीच कळलं नाही, तर गाय आणि वासरू दोन्ही जातात. उणे २० अंशात ओल्या वासराचे कान आणि शेपटीचं टोक गोठून झडतं. पहिल्या काही तासांत चीक पोटात गेला नाही तर वासरू पुढे रोगाला बळी पडतं. अशा मार्चमध्ये नायक ठरलेल्या जेवणाला येत नाही, त्याला कारण शोधावं लागत नाही. मोबाइल वेळेवर न वाजल्याने होणारे गैरसमज वाचक कंटाळेपर्यंत वाचून झालेले आहेत.

नायिकेला रँचवर आणायचं तर मेअखेर किंवा जून बरा. तेव्हा शेजारपाजारचे रँचर जमतात, वासरांना मालकीच्या खुणेचा डाग देतात, लस टोचतात, मग सगळ्यांचं एकत्र जेवण. वासरू पकडायला दोर फेकता न येणाऱ्या माणसालाही तिथे काम मिळतं: लसीच्या सिरिंज भरून देणं. तिची चूकही इथेच घडवा. पाण्यात मिसळलेली जिवंत लस तासाभरात वापरायची असते, ती सावलीत आणि थंड ठेवावी लागते. बाटली उन्हात राहिली तर लस निकामी होते, आणि ते त्या दिवशी कुणालाच दिसत नाही. चिखलात पडण्याच्या विनोदापेक्षा ही चूक कितीतरी खरी.

पैशाचं गणितही विजोड आहे. तिचा पगार ठरलेल्या तारखेला जमा होतो. त्याची वासरं ऑक्टोबर-नोव्हेंबरात विकली जातात आणि वर्षाचं बरंचसं उत्पन्न त्या एका चेकवर येतं.

टेक्सासात थंडीचा एवढा आधार मिळत नाही. तिथली नव्वद टक्क्यांहून जास्त जमीन खासगी आहे, म्हणून कथानक वारशाभोवती फिरवा. जमीन नायिकेला मिळाली तरी खालच्या तेलाचा हक्क दुसऱ्याच्याच नावावर असू शकतो, आणि त्या हक्काचा मालक तेल काढण्यासाठी वरची जमीन गरजेपुरती वापरू शकतो. गुरांसाठी वापरलेल्या जमिनीला बाजारभावाऐवजी शेती-उत्पन्नाच्या हिशेबाने कर लागतो. तिथे प्लॉट पाडले तर मागच्या तीन वर्षांच्या कराचा फरक भरावा लागतो. (पाच वर्षं लिहू नका, २०१९ मध्ये नियम बदलला.)

सगळ्यात मजेदार कायदा लग्नाचा. वारशाने आलेली जमीन आणि गाई तिच्या एकटीच्या. पण वेगळा करार केला नसेल, तर लग्नानंतर जन्मलेली वासरं दोघांची. करार करायचा की नाही, यावरच एक सणसणीत प्रकरण उभं राहतं.

अंतराचाही फरक आहे. टेक्सासची राजधानी ऑस्टिन, तिथून रँचच्या भागातलं फ्रेडरिक्सबर्ग गाव सुमारे १२५ किलोमीटर, म्हणजे शनिवार-रविवार ये-जा होते. दोघांना एका छताखाली अडकवून ठेवायचं असेल तर हे नुकसानीचं; दोघांचीही कामं टिकवायची असतील तर फायद्याचं. ह्यूस्टन-डॅलसमध्ये मराठी कुटुंबं बरीच आहेत, त्यामुळे नायिका मराठी असेल तर तिला तिथे पोचवायला कसरत करावी लागत नाही.

छोटी, वेगवान कादंबरी असेल तर मोंटाना घ्या. मार्च ते जून एवढ्यात कथा आपोआप बांधली जाते. घराणं, भावंडं, वकील असा पसारा मांडायचा असेल तर टेक्सास. कायद्याचा कंटाळा असलेल्याने मात्र टेक्सासच्या वाटेला जाऊ नये, कारण अर्धं नाट्य तिथेच आहे.

काही चुका दोन्हीकडे सारख्याच होतात. नायक दिवसभर घोड्यावर दाखवला जातो. प्रत्यक्षात कुंपणाची तपासणी आणि चारावाटप बहुतेक वेळा पिकअप किंवा चारचाकी बाइकवरून होतं. गवताची टोपी उन्हाळ्यातली, फेल्टची (दाबून घट्ट केलेल्या लोकरीसारख्या जाड कापडाची) हिवाळ्यातली. ‘तुमच्याकडे गुरं किती?’ हा प्रश्न म्हणजे बँकेत शिल्लक किती विचारण्यासारखा. नायिकेने पहिल्याच भेटीत तो विचारावा आणि टेबलावर सगळे गप्प व्हावेत. शेवटी तिला नोकरीचा राजीनामा मात्र देऊ देऊ नका. कित्येक रँचवर पती-पत्नींपैकी एकजण बाहेर नोकरी करतो तो नोकरीबरोबर मिळणाऱ्या आरोग्यविम्यासाठीच, त्यामुळे तिची नोकरी टिकावी असं नायकाच्या आईलाही वाटेल.