पोरगी तिथं शिकते, माती तिथं तपासतो: एका कृषी महाविद्यालयाचा पंधरा महिन्यांचा अनुभव

आधीच सांगतो, महाविद्यालयाचं नाव लिहिणार नाही. पोरीची पाच सेमिस्टर अजून बाकी आहेत आणि आमची अनामत रक्कमही त्यांच्याकडेच आहे. जळगाव जिल्ह्यातलं, विनाअनुदानित, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाला संलग्न, एवढं पुरे. आम्ही चोपडा तालुक्यातले. साडेसहा एकर शेती, त्यात दोन एकर केळी, बाकी कपाशी, रब्बीला पाणी असेल तसा हरभरा नाहीतर दादर, म्हणजे आमच्याकडची रब्बी ज्वारी. सप्टेंबर २०२४ मध्ये पोरीचा बी.एस्सी. अ‍ॅग्रीला प्रवेश घेतला, म्हणजे आता पंधरा महिने झाले. मी या कॉलेजचं दुहेरी गिऱ्हाईक आहे. फी भरतो पालक म्हणून, आणि मातीच्या पिशव्या घेऊन जातो शेतकरी म्हणून. दोन्ही खिडक्यांवरचा अनुभव सारखा नाही, म्हणून लिहायला बसलो.

धुळ्याचं सरकारी कृषी महाविद्यालय पहिल्या पसंतीला टाकलं होतं. १९६० पासूनचं कॉलेज, फी कमी, जमीन भरपूर. सीईटीचे मार्क थोडक्यात कमी पडले. मग यादीतलं हे मिळालं. घरापासून एसटीने दीड तास.

पैशांचं आधी. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला पाहिजे, संस्थेच्या कोट्यातून घेतला तर विसरा. आम्ही त्यात बसत होतो. मी आपला निर्धास्त, की शिक्षण फुकट आहे.

काउंटरवर गेल्यावर ४२ हजार भरायला सांगितले. वसतिगृह १८ हजार, मेस तीन महिन्यांची आगाऊ ९ हजार, अनामत ५ हजार, आणि 'इतर' १० हजार. या 'इतर'मध्ये काय काय येतं ते मी तीन वेळा विचारलं. तिसऱ्यांदा क्लार्क म्हणाला, "काका, सगळे भरतात." वर शिक्षण शुल्काएवढा पुढच्या तारखेचा चेक लिहून घेतला. शासनाचे पैसे आले की चेक परत देणार म्हणे. त्या चेकसाठी मी नंतर तीन फेऱ्या मारल्या, तेव्हा ऑगस्ट २०२५ मध्ये तो हातात पडला. अकरा महिने त्या चेकच्या धास्तीने खात्यावर पैसे ठेवून इकडे ठिबकच्या नळ्या उधारीवर आणल्या. हे नुकसान कुठल्या पावतीवर दिसत नाही.

फी माफीसाठी सरकारी पोर्टलवर, महाडीबीटीवर भरलेला फॉर्म एकदा 'सेंड बॅक' झाला, कारण आधारवर पोरीच्या नावात एक अक्षर जास्त. नवीन पालकांनी दहावीची मार्कशीट, आधार आणि बँक पासबुक शेजारी शेजारी ठेवून नाव अक्षर अक्षर जुळवून घ्यावं. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन क्रिमीलेयर जूनमध्येच काढून ठेवा, ऐनवेळी सेतूवर रांग असते. आणि दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्या. प्रॅक्टिकलच्या जर्नलचे, सहलीचे, स्नेहसंमेलनाचे पैसे वर्गप्रतिनिधीमार्फत रोख गोळा होतात, त्याला पावती नसते. वर्षभरात असे साडेचार हजार गेले. पोरीनेच डायरीत मांडून ठेवलेत म्हणून कळलं.

वसतिगृहाबद्दल फार लिहीत नाही. एका खोलीत तिघी. बोअरचं पाणी खारं, प्यायचं वेगळं येतं. मुलींसाठी सुरक्षितता चांगली आहे, रेक्टरबाई कडक पण मायाळू. मेसमध्ये आठवड्यातून चार दिवस बटाटा. दादरच्या मुलखात राहून पोरींना मैद्यासारख्या वातड पोळ्या खायला घालतात, हे मला पटत नाही. रविवारी वरण-बट्टी असते, तेवढ्या दिवशी सगळ्या वेळेवर हजर. आमची पोरगी घरून बिबड्या नि शेंगदाण्याची चटणी नेते.

शिकवणं बरं आहे. प्रॅक्टिकल खरोखर शेतात होतं, सकाळी आठला. पोरींच्या गटाने गेल्या रब्बीत एक गुंठा हरभरा केला, त्याचा खर्च-उत्पन्नाचा तक्ता मांडला. सुट्टीत घरी आल्यावर तिने तो मला दाखवला. नफा झकास दिसत होता. मी विचारलं, "बेटा, निंदायला बाई लावली असती तर?" तर म्हणे, "पप्पा, ते आम्हीच केलं ना." शेतकऱ्याच्या घरात वाढलेली पोरगी, तिलाही घरची मजुरी हिशेबात धरायचं सुचत नाही. कारण घरी आम्हीच कधी धरत नाही! नंतर तिनेच ए-टू, एफएल, सी-टू अशा शेतीखर्च मोजायच्या पद्धती समजावल्या आणि आमच्या कपाशीचा हिशेब घरच्या मजुरीसकट मांडला. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव ८,११० रुपये होता. त्या कागदावर शेवटी जे उरलं ते पाहून तिची आई म्हणाली, "हाऊ कागद फाडी टाक." कागद मी ठेवलाय.

आता शेतकऱ्यांच्या सेवेचं. यासाठीच खरं तर लिहितोय.

मे २०२५ मध्ये कपाशीच्या वावराची माती दिली. एका नमुन्याचे ३०० रुपये. पोरीने नमुना घेण्याची पद्धत पाळायला लावली. बांध, विहीर, झाडाखालची जागा आणि उकिरड्याची जागा सोडायची. नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खड्डा घ्यायचा, त्याच्या एका बाजूची माती वरपासून खालपर्यंत खरवडायची. सगळी एकत्र करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं अर्धा किलो उरेपर्यंत. मी आयुष्यभर एकाच जागेची मूठभर माती नेत आलो होतो.

बारा दिवसांनी अहवाल आला. सामू (पीएच) ८.३, सेंद्रिय कर्ब ०.३८ टक्के, स्फुरद (फॉस्फरस) कमी, पालाश (पोटॅश) भरपूर, जस्त आणि लोह कमी, चुनखडी जास्त. असे कागद मी आधीही पाहिलेत, मृद आरोग्य पत्रिका घरात दोन पडल्या आहेत. फरक एवढाच की इथल्या मृदाशास्त्राच्या सरांनी पाऊण तास बसवून तो कागद वाचून दाखवला. "पालाश भरपूर आहे तर नत्र-स्फुरद-पालाशाच्या १०:२६:२६ ची पोती कशाला टाकता? स्फुरद हवाय, सिंगल सुपर फॉस्फेट घ्या. आणि फेरस सल्फेट, झिंक सल्फेट नुसतं फेकू नका, चुनखडी ते धरून ठेवते. शेणखतात मुरवून द्या." एकरी खताच्या बिलात फरक पडला. पानं पिवळी पडायचीही बरीच थांबली.

तेच सर ऑगस्टमध्ये केळीत उपयोगी पडले. आठवडाभर झड लागलेली, ऊन नाही. नव्या मृगबागेत, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या केळीत, काही रोपांच्या पानांवर शिरांच्या मध्ये पिवळे तुटक पट्टे दिसायला लागले. कृषी केंद्रवाल्याने तीन बाटल्या काढून ठेवल्या, २,४०० रुपये. मी पोरीला फोटो टाकला, तिने सरांना. सरांचा निरोप आला, काही फवारू नका, येतो. रविवारी मोटारसायकलवर आले. एका रोपापाशी उकिडवे बसले, पोंगा, म्हणजे मधला कोवळा गाभा, उभा चिरला. आत काळपट, सडका. म्हणाले, "हरण्या आहे. कुकुंबर मोझॅक विषाणू. याला औषध नाही. दिसेल ते रोप मुळासकट उपटा, बागेबाहेर नेऊन पुरा. उशीर कराल तेवढा मावा ही कीड रोग पुढच्या रोपावर नेईल."

मग त्यांनी माझी चूक दाखवली. रिकामी जागा कशाला ठेवायची म्हणून मी कडेने काकडीचे वेल आणि मध्ये चवळी लावली होती. मावा तिथेच पोसला जातो. बांधावरचं केना हे तणसुद्धा काढायला लावलं. तीन हजारांतली १३८ रोपं उपटली, पंधरा दिवसांनी आणखी २१. उपटताना जीव तुटत होता, पण बाग उभी राहिली. सरांनी पेट्रोलचेही पैसे घेतले नाहीत. बाटल्यांचे २,४०० वाचले ते वेगळेच.

याउलट गावात आलेल्या कृषिकन्या. सातव्या सेमिस्टरच्या पाच मुली जुलैपासून गावात होत्या, ग्रामीण कार्यानुभवासाठी. पोरी कष्टाळू, वागायला गोड. पण ठरवून दिलेली प्रात्यक्षिकं गावाकडे बघून ठरवलेली नव्हती. आमच्या गावात लिंबूची झाडं मोजून दोन, आणि लिंबूवर्गीय झाडांच्या बुरशीसाठीच्या बोर्डो मिश्रणाचं प्रात्यक्षिक तीनदा झालं. तेही सांगतो, नीट केलं. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी, आणि माझा विळा मिश्रणात बुडवून तांबूस थर चढतो का ते बघितलं. चढला तर चुना वाढवायचा. प्रत्येक वेळी बॅनर धरून फोटो. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, पोरींनो, बॅनर त्या लिंबूच्या झाडालाच बांधून ठेवा.

त्यांच्यातल्या एकीने मात्र बॅनरशिवायचं काम केलं. पोरगी सातारकडची. माझ्या कपाशीत मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे दोन कामगंध सापळे लावले आणि रोज सकाळी येऊन गुलाबी बोंडअळीचे पतंग मोजायची, वहीत लिहायची. एक दिवस दारात उभी. "काका, सलग तीन रात्री सापळ्यात आठच्या वर आलेत. आता फवारणी लागेल." २०१७ ची बोंडअळी आम्ही भोगली आहे, तेव्हा बोंड फोडल्यावरच कळायचं. यंदा आठवडाभर आधी कळलं. पण दिवाळीच्या सुमारास त्यांचा कार्यानुभव संपला, मुली गेल्या. बोंडअळीचा खरा जोर असतो त्यानंतर. सापळ्यातली ल्यूर, म्हणजे गंधाची गोळी, संपली, नवी मागितली तर कॉलेजात शिल्लक नव्हती. दुकानातून आणली आणि मोजायचं काम मीच करतो, जमेल तसं.

दिवाळीनंतर मृदाशास्त्राचे सरही गेले. नेमणूक अकरा महिन्यांची कंत्राटी होती, त्यांना एका बियाणे कंपनीत जागा मिळाली. त्यांना दोष कसा द्यायचा? विनाअनुदानित कॉलेजात पगार निघतो फीमधून, आणि आमच्या तीनशे रुपयांच्या नमुन्यातून कुणाचं घर चालत नाही. बाहेर पाटी आहे 'शेतकऱ्यांच्या सेवेत', आत ती सेवा एका माणसाच्या मोटारसायकलवर चालली होती. पालक म्हणून मी जे ४२ हजार भरले, त्यातल्या 'इतर'मधून प्रयोगशाळेत एक कायम माणूस बसवा, मी पुन्हा विचारणार नाही त्यात काय काय येतं.

कुणी विचारलं तर सांगतो. मुलीला घालायचं असेल तर घाला, कागदपत्रं चोख ठेवून. शेतकरी म्हणून जायचं असेल तर फोन करून जा, कोण आहे ते विचारून जा. केळीवर काही दिसलं तर दुकानाआधी तिथे फोटो पाठवा.

नोव्हेंबरमध्ये केळीच्या वावराची माती दिली होती. पिशवी तशीच फळीवर पडून, यंत्र चालवायला कुणी नाही, नवीन मॅडम येणार म्हणतात. गेल्या आठवड्यात पोरीने प्रॅक्टिकलच्या तासाला त्यातलीच चिमूटभर माती घेतली. रात्री फोन आला. "पप्पा, सेंद्रिय कर्ब मी काढला. ब्युरेटमधून थेंब थेंब सोडायचं, निळ्याचं हिरवं झालं की थांबायचं. पहिल्यांदा थेंब जास्त पडला, म्हणून परत केलं. शून्य पूर्णांक एकेचाळीस आलाय." जस्त आणि लोह मॅडम आल्यावर.