कुंडीतल्या माश्यांवर पिवळी चिकट कार्डं आणि बीटीआय पावडर : पावसाळा ते उन्हाळा वापरून

आधीच सांगते, पिवळी कार्डं कामाची आहेत, पण ज्या कामासाठी ती विकली जातात त्या कामाची नाहीत.

पावसाळ्यात हॉलमधल्या पीस लिली आणि मनी प्लँटभोवती बारीक काळ्या माश्या सुरू झाल्या. संध्याकाळी दिवा लावला की लॅपटॉपच्या स्क्रीनवर, चहाच्या कपात, नाकाशी. घरात सगळे त्यांना चिलटं म्हणत आणि केळ्यांना बोल लावत. केळ्यांवरची चिलटं पिवळट तपकिरी आणि लाल डोळ्यांची असतात. या काळपट, लांब पायांच्या, दोन-तीन मिलिमीटरच्या. उडण्यापेक्षा ओल्या मातीवर तुरुतुरु पळणं यांना जास्त आवडतं.

कार्डं लावली की पहिल्याच रात्री ठिपक्यांनी भरतात आणि आपण खूश होतो. पुढच्या आठवड्यात माश्या तेवढ्याच! कारण कार्डावर मरते ती उडणारी माशी. तोवर मादीने मातीत शंभरेक अंडी घातलेली असू शकतात. अळ्या वरच्या दोन-तीन इंचांत राहतात, बुरशी आणि कुजका पालापाचोळा खातात, जास्त झाल्या तर कोवळी मुळंही. अंड्यापासून माशीपर्यंतचा कारभार आपल्या हवेत तीन-एक आठवड्यांत उरकतो. म्हणून कार्डाकडे मी आता थर्मामीटरसारखं बघते. ताप किती ते कळतं, उतरत नाही.

अळ्या कुठल्या कुंडीत आहेत ते बघायला कच्च्या बटाट्याची चकती मातीवर दाबून ठेवा. दोन दिवसांनी उलटली की खाली काचेसारख्या पारदर्शक, काळ्या चकचकीत डोक्याच्या अळ्या वळवळताना दिसतात. आमच्याकडे सगळ्यात जास्त निघाल्या त्या कोकोपीट आणि गांडूळखत ठासून भरलेल्या कुंडीत. स्नेक प्लँटच्या कोरड्या कुंडीत एकही नाही.

खरा फरक पडला बीटीआयने, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस. डासांच्या अळ्या मारायला पाण्यात टाकतात तोच हा जीवाणू, 1976 मध्ये इस्रायलच्या नेगेव वाळवंटात सापडलेला. पाकिटावरच्या प्रमाणात पाण्यात कालवून ते पाणी झाडांना घालायचं. अळीने तो खाल्ला तरच मरते. अंड्यांवर आणि उडणाऱ्या माश्यांवर काही परिणाम नाही, त्यामुळे एकदा घालून ‘फरक नाही’ म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटत नाही. दर आठवड्याला, निदान महिनाभर घालत राहावं लागतं. घेताना मात्र नाव पूर्ण वाचा. दुकानात नुसतं ‘बीटी’ मागितलं तर बहुतेक वेळा कुर्स्टाकी हातात येतं. ते सुरवंटांवरचं, इथे निरुपयोगी.

पाचपैकी गुण द्यायचे तर बीटीआयला साडेचार, कार्डांना तीन. दालचिनी पावडरीला एकच, तोही वासासाठी. पाणी पडलं की तिची पापडी होते. निंबोळी पेंडीवर तर आमच्याकडे पांढरी बुरशी धरली, म्हणजे माश्यांना आयतं जेवण.

त्यावरून आठवलं. चहाचा चोथा, तांदूळ धुतलेलं पाणी, ताकाची भांडी विसळलेलं पाणी हे सगळं घरातल्या कुंडीत ओतणं बंद झाल्याशिवाय कशाचाच उपयोग नाही. सासूबाईंना हे पटवणं हा या सगळ्या उपचारातला सगळ्यात अवघड भाग होता. आता ते पाणी गॅलरीतल्या कढीपत्त्याला जातं, सगळे सुखात आहेत.

पाणीही बदललं. बोट दोन पेरं खुपसून माती कोरडी लागली तरच घालायचं. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईच्या हवेत ती लवकर वाळतच नाही, त्यामुळे त्या दिवसांत बीटीआयवरच भिस्त. मार्चनंतर नुसत्या कोरड्या मातीवर भागतं, कार्डावर आठवड्यात एखादीच माशी.

कार्डांबद्दल एक सावधगिरी. भिंतीजवळ किंवा खिडकीत टांगू नका. आमच्याकडे पालीचं पिल्लू चिकटलं, खोबरेल तेल थेंबथेंब सोडून सोडवलं. (हाताला लागलेला गोंदही तेलानेच निघतो, साबणाने नाही.) काडीला लावून मातीच्या अगदी जवळ खोचा, माश्या तिथेच खाली असतात.

परत घेईन का? कार्डं हो, पण फुलपाखराच्या आकाराची महागडी नाहीत. कृषी सेवा केंद्रात शेतासाठीचे पिवळे चिकट सापळे मिळतात, ते कात्रीने कापून तेच काम होतं. निळे घेऊ नका, ते फुलकिड्यांसाठी असतात. बीटीआयचं लहानच पाकीट घ्या, तारीख बघून. उघडं राहिलं तर दमट हवेत पावडरीचे गोळे होतात.