शेंगा चटणीसाठी पीएमएफएमई कर्ज: फाईल टाकून १४ महिने, मशीन चालू होऊन सात

आधी माझं सांगते, म्हणजे तुमच्याशी कितपत जुळतं ते कळेल. सोलापूरजवळचं गाव. घरी शेंगा चटणी आणि कडक भाकरी करून विकायचे, पाच-सहा वर्षं. फूड लायसन्सची साधी नोंदणी होती (तेव्हा वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर वर्षाला १०० रुपये लागायचे, बास). उखळात कुटून दिवसाला आठ-दहा किलोच्या वर चटणी निघत नव्हती आणि माझा खांदा गेला होता. म्हणून कर्ज.

सगळ्यांनी पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, सुचवलं. ग्रामीण भागातल्या बाईला त्यात ३५ टक्के अनुदान आणि स्वतःचे फक्त पाच टक्के घालायचे, म्हणजे ऐकायला तेच गोड. पण ती योजना नव्या उद्योगाला. माझा धंदा आधीच चालू, नोंदणीसुद्धा माझ्याच नावावर. ते लपवून नवा दाखवा असा सल्ला देणारेही भेटले. मी पीएमएफएमईकडे वळले. ही २०२० साली आलेली केंद्राची योजना, छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी. चालू धंदाही चालतो, अनुदान ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख, आणि आपले किमान १० टक्के. आपल्याकडे कृषी विभाग राबवतो.

या योजनेतली सगळ्यात चांगली गोष्ट अनुदान नाही, जिल्हा संसाधन व्यक्ती आहे. फाईल करून देणारा माणूस, आणि त्याला आपण एक रुपया द्यायचा नसतो. प्रकरण मंजूर झालं की सरकार त्यांना २० हजारांपर्यंत देतं, त्यातले निम्मे पुढचे परवाने वगैरे पुरे झाल्यावर. त्यामुळे ते मध्येच सोडून जात नाहीत. हे मला आधी माहीत नव्हतं. तालुक्याला एका एजंटाने अनुदानाच्या १० टक्के मागितले होते आणि मी जवळजवळ हो म्हटलं होतं. उद्यमची, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी फुकट असते, तीही मी एका दुकानात ५०० रुपये मोजून करून आले होते. असो.

आमच्या संसाधन व्यक्ती मॅडम चांगल्या होत्या, पण पहिला प्रकल्प अहवाल त्यांनी कुठल्यातरी मसाला उद्योगाचा उचलून आणला. त्यात पल्वरायझर, म्हणजे बारीक दळणारं मशीन. आता पल्वरायझरमध्ये शेंगदाण्याचं कूट होतं, चटणी होत नाही. सोलापुरी चटणीला दाणा कुटला जावा लागतो, तेल सुटून ती हाताला चिकटली पाहिजे. त्याला डंका लागतो, कांडप मशीन. मॅडम म्हणाल्या, "ताई, अहवाल तयार आहे, नंतर बदलू." मी अडून बसले, कारण कर्ज कोटेशनवर, म्हणजे मशीनवाल्याच्या दरपत्रकावर मिळतं आणि बँक पैसे थेट मशीनवाल्याला देते, नंतर काही बदलत नाही. डंका, रोस्टर, मिरचीला छोटा पल्वरायझर आणि पॅकिंग मशीन असं नवं कोटेशन लावलं. एकूण ६ लाख ४० हजार. माझे ६४ हजार, कर्ज ५ लाख ७६ हजार, अनुदान २ लाख २४ हजार.

पहिल्या बँकेत दोन महिने गेले. नाव घेत नाही. आधी "साहेब रजेवर", मग "टार्गेट संपलं", मग तारण मागितलं. अशा छोट्या उद्योगाच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागायचं नाही असा तेव्हा रिझर्व्ह बँकेचाच नियम होता. मी तो बोलून दाखवला, तर साहेबांनी सिबिल, म्हणजे आधीच्या कर्जफेडीचा स्कोअर, काढलं. माझा स्कोअर उणे एक! मी घाबरले, पण त्याचा अर्थ एवढाच की माझ्या नावावर आजवर कर्जच नव्हतं. दुसऱ्या बँकेत आमच्या बचत गटाचं खातं होतं, तिथल्या मॅनेजरबाईंनी गटाच्या परतफेडीचं पासबुक पाहिलं आणि दीड महिन्यात मंजुरी दिली.

मशीन आलं आणि दीड महिना ताडपत्रीखाली पडून राहिलं. डंक्याला थ्री फेज वीज लागते. अर्ज केला तेव्हा कळलं की मीटर अजून सासऱ्यांच्या नावावर आहे, आणि त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. नाव बदला, वारसांची संमती आणा, मग लोड वाढवा. कर्जाचं व्याज तेव्हा चालू झालं होतं.

अनुदानाबद्दल गैरसमज फार आहेत. ते हातात येत नाही. बँकेत तुमच्या नावाने वेगळ्या खात्यात पडतं आणि तीन वर्षं तिथंच राहतं. खातं नीट चालू असेल आणि उद्योगही चालू असेल, तर मग कर्जात वळतं होतं. माझं मंजुरीनंतर सहा महिन्यांनी जमा झालं. म्हणजे "अनुदानातून शेड बांधू" असा हिशोब असेल तर आत्ताच खोडा.

आणि माझी खरी चूक सांगते. योजनेने डंका दिला, शेंगा नाही दिल्या. आता दिवसाला ४० किलो चटणी निघते, पण तेवढे शेंगदाणे रोज रोख घ्यावे लागतात. दुकानदार मात्र पैसे देतो महिन्याने, वर म्हणतो, "वहिनी, पुढच्या मालाबरोबर देतो की." धंदा वाढला तसा घरातला पैसा आटला. पहिला हप्ता, १२ हजारांच्या वर, मी बचत गटातून ३० हजार उचलून भरला. दोन दिवसांत मिळाले, ना कोटेशन ना सिबिल. नंतर त्याच बँकेतून मुद्रा या छोट्या धंद्यांच्या सरकारी कर्जयोजनेत, 'किशोर' प्रकारात, दीड लाख घेतले, त्यावर अनुदान नाही, पण माल त्यानेच भरला जातो. हे मशीनच्या कर्जाबरोबरच मागायला हवं होतं. मॅडमनी विचारलं होतं, मीच "कशाला जास्त कर्ज" म्हणून टाळलं.

भाकरी अजून हातानेच. तिघी बायका येतात, त्यांच्याइतकी पातळ थापणारं मशीन मला तरी कुठं दिसलं नाही.

परत घेईन का? हो, आणि पाचातले साडेतीन तारे देईन. अर्धा तारा खांद्यासाठी.

जाऊबाईंना आता शेवयांचं मशीन घ्यायचंय. परवा कोटेशन घेऊन आल्या, अनुदान किती ते विचारत होत्या. मी म्हटलं, "ते बघू, आधी सांगा मीटर कुणाच्या नावावर आहे?"