डूला सेवा: पैसे नेमके कशाचे मोजायचे?

डूला म्हणजे प्रसूतीत आणि त्यानंतर आईला सोबत आणि आधार देणारी बाई. डूलांच्या माहितीपत्रकात सुगंधी तेलं, मंद दिवे आणि संगीत यांनाच बरीच जागा दिलेली असते. खरी सेवा एका ओळीत मावते: कळांचा जोर वाढला की डूला येईल आणि बाळ होईपर्यंत हलणार नाही. डॉक्टर तपासून जातात, नर्सची पाळी बदलते, शिवाय तिच्याकडे इतर बायकाही असतात. डूला एकीसाठीच असते.

याचा उपयोग होतो, याला पुरावा आहे. २०१७च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणारा आढावा) २६ चाचण्या आणि १५ हजारांहून जास्त बायकांची माहिती तपासली गेली. प्रसूतीत सतत सोबत मिळालेल्या बायकांमध्ये सिझेरियन कमी झाली आणि कळांचा काळही थोडा आखूड झाला. मात्र ही सोबत करणाऱ्यांत डूलांबरोबर रुग्णालयातले कर्मचारी आणि घरची माणसंही होती. सगळं श्रेय डूलांच्या नावावर मांडणारी जाहिरात दिसली, तर तेवढी सूट धरूनच वाचावी.

नेहमीचं पॅकेज असं असतं: आधी दोन-तीन भेटी, साधारण ३८व्या आठवड्यापासून दिवसरात्र फोनवर हजर, प्रसूतीभर सोबत, नंतर पहिल्यांदा पाजेपर्यंत थांबणं आणि घरी एक-दोन भेटी. आधीच्या भेटी श्वासाच्या व्यायामातच संपल्या तर त्या वाया गेल्या. त्यात रुग्णालय किती माणसं आत सोडतं, सिझेरियन ठरलं तर थिएटरमध्ये कोण जाणार, हे विचारून घ्यायला हवं. एकालाच परवानगी असेल आणि हे दारात कळलं, तर नवरा बाहेर की डूला बाहेर हा वाद ऐन कळांमध्ये होतो.

कसब दिसतं ते हातात. बाळाच्या डोक्याची मागची बाजू आईच्या पाठीकडे असली की कळा बहुधा कंबरेत येतात. अशा वेळी कळ चढू लागताच तळहाताचा मनगटाजवळचा भाग माकडहाडाच्या वरच्या सपाट हाडावर ठेवून सरळ आत दाबायचं आणि कळ उतरेपर्यंत दाब सोडायचा नाही. दुसरा हात पुढून कमरेच्या हाडाला आधार देतो, नाहीतर बाई पुढे ढकलली जाते. इथे चोळून काही होत नाही, जोरच लागतो. बाळ खाली सरकेल तशी जागाही खाली सरकते, म्हणून डूलाने दर वेळी विचारायचं, ‘इथेच, की अजून खाली?’ चांगली डूला हे नवऱ्यालाही शिकवते. त्याला कोपऱ्यात बसवून स्वतःच सगळं करणारी आमच्या मते अर्धंच काम करते.

एपिड्यूरल (कळांचं दुखणं कमी करायला पाठीतून दिलं जाणारं औषध) घेतलं की डूलाचं काम संपलं, हा गैरसमज आहे. पाय जड झालेल्या बाईला मदतीने कूस बदलायला लावणं, गुडघ्यांमध्ये शेंगेच्या आकाराचा चेंडू ठेवणं, हे तेव्हाच लागतं.

मर्यादाही ठरलेल्या आहेत. डूला म्हणजे सुईण नव्हे. रक्तदाब मोजणं, पिशवीचं तोंड तपासणं, बाळाचे ठोके ऐकणं, औषध सुचवणं, यातलं काही तिचं काम नाही. ‘डॉक्टर म्हणतात ते नको करू’ असं सांगणारी डूला त्याच भेटीत नाकारावी. तिने बाईला डॉक्टरांना विचारायचे प्रश्न आठवून द्यावेत: हे कशासाठी, थोडं थांबलं तर काय, दुसरा काही मार्ग आहे का? निर्णय आईने घ्यायचा.

पॅकेजमधल्या एक-दोन भेटींपलीकडची बाळंतपणानंतरची सेवा वेगळी घ्यावी लागते आणि बहुतेक घरं तिथेच हात आखडतात. आमच्या मते निवड करायची वेळ आली तर हीच घ्यावी. बाळ २४ तासांत ८ ते १२ वेळा दूध मागतं आणि बाळाने स्तन तोंडात नीट धरला नाही तर दोन दिवसांत स्तनाग्रांना चिरा पडतात. बाळाचं नाक स्तनाग्रासमोर हवं, तोंड पूर्ण उघडलं की हनुवटी आधी टेकली पाहिजे. पाजून झाल्यावर स्तनाग्र लिपस्टिकच्या टोकासारखं तिरकं दबलेलं दिसलं तर पकड उथळ आहे, हे डूलाला न सांगता दिसायला हवं. शू-शीची नोंद कागदावर हवी: पाचव्या दिवसापासून दिवसाला निदान सहा ओले लंगोट. तासाभरात पॅड पूर्ण भिजणं, ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, डोळ्यांपुढे अंधारी आणणारी डोकेदुखी, एकाच पोटरीत दुखून सूज, धाप, यातलं काहीही दिसलं तर तेलपाणी बाजूला ठेवून लगेच रुग्णालय. रडू येणं, उदासी दोन आठवड्यांनंतरही टिकली तर डॉक्टरांकडे पाठवायचं. आजाराचं निदान डूलाने करायचं नाही. बाळाला किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार आले तर तेवढंही थांबायचं नाही.

तक्रारी बहुतेक करारातल्या मोघमपणातून येतात. दोन बायकांना एकाच रात्री कळा आल्या तर बदली कोण, तिला आधी भेटता येईल का, डूला पोचण्याआधीच बाळ झालं तर किती पैसे परत, प्रसूती लांबली तर ती किती तासांनी विश्रांती घेणार, घरच्या भेटीत स्वयंपाक-कपडे धरलेत की नाही? ‘बघू तेव्हा’ असं उत्तर आलं, तर प्रमाणपत्रं कितीही असोत, दुसरी शोधावी.