100 नगांचा केक डेकोरेशन सेट: कामाचं किती, भरती किती

ऑनलाइन ‘100 नगांचा केक डेकोरेशन सेट’ म्हणून जो खोका मिळतो, तो निरनिराळ्या नावांनी विकला जात असला तरी आतला माल जवळपास सारखाच असतो. प्लास्टिकचं 28 सेंटिमीटरचं टर्नटेबल (केक ठेवून फिरवायची चकती), क्रीमला आकार देणारी 12 ते 24 लहान नोझल म्हणजे टोकं, ती बसवून क्रीम दाबायची एक सिलिकॉनची पायपिंग बॅग, नोझल बॅगेला जोडणारा कपलर, क्रीम पसरायचा एक सरळ आणि एक वाकडा स्पॅट्युला, कड सपाट करायचे प्लास्टिकचे तीन स्क्रॅपर, ज्याच्या चपट्या डोक्यावर क्रीमचं फूल काढतात तो फुलाचा खिळा, फूल उचलायची कात्री. बाकी सगळ्या वापरून फेकायच्या बॅगा, आणि नगांचा आकडा शंभरीला पोचतो तो त्यांच्याच जोरावर. घरातल्या वाढदिवसाचा, बारशाचा, डोहाळजेवणाचा केक स्वतः सजवायला शिकायचं असेल तर संच घ्यायला हरकत नाही. मात्र त्यातल्या चार-पाच वस्तूच रोज हाताशी लागतात, आणि मराठवाड्यात केक बिघडायचं मोठं कारण तापलेलं क्रीम हे आहे. त्यावरचा उपाय खोक्यात मिळत नाही.

आधी टर्नटेबल. अर्धा आणि एक किलोच्या केकला ते पुरतं. वरच्या चकतीवर एकात एक वर्तुळं कोरलेली असतात, त्यामुळे केक मधोमध ठेवणं सोपं जातं. दोष एकच, ते हलकं आहे. स्क्रॅपर टेकवून फिरवायला लागलं की बूडच ओट्यावर सरकतं. खाली ओलं करून घट्ट पिळलेलं फडकं अंथरायचं, आणि केक बोर्डाच्या (केकखालच्या पुठ्ठ्याच्या) खालीही तळहाताएवढं दमट फडकं ठेवायचं. दोन किलोच्या वरचा केक चढवला तर ते एका बाजूला कलतं आणि कड सरळ येत नाही. दर महिन्याला केक करणार असाल तर पुढेमागे धातूचं जड टर्नटेबल घ्यावंच लागेल.

नोझल निवडताना आकड्यांपेक्षा शिवण बघा. स्वस्त नोझलवर पत्रा जोडल्याची उभी रेघ असते. ती टोकापर्यंत आली असेल तर गुलाबाच्या पाकळीची कड तिथे फाटते आणि तारा वाकडा पडतो. नवशिक्याला चार नोझल पुरेत: लिहिण्यासाठी 3 नंबर, कडेच्या शिंपल्यासारख्या नक्षीसाठी 18 किंवा 21, पाकळ्यांसाठी 104, पानासाठी 352. केकच्या वर गुलाबासारखं मोठं वळण काढायला जे 1एम लागतं, ते या संचांत बहुधा नसतं. बेकरी साहित्याच्या दुकानातून सुटं आणावं. काही संचांत एका दाबात अख्खं फूल काढणारे ‘रशियन’ नोझल येतात. त्यांना खूप घट्ट आयसिंग लागतं. साध्या क्रीमवर, तेही एप्रिलमध्ये, त्यातून फुलाऐवजी गोळा पडतो. त्यांच्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नका.

सिलिकॉनची बॅग धुवून पुन्हा वापरता येते, पण ती जाड असल्याने हाताला दाबाचा अंदाज येत नाही. शिकताना फेकायच्या बॅगाच बऱ्या. संचातल्या पातळ असतात, शिवणीवर फुटतात; म्हणून एकात एक अशा दोन घालाव्यात. बॅग कधीही अर्ध्यापेक्षा जास्त भरू नये. उन्हाळ्यात तर 100 ग्रॅमच भरावं, कारण तळहाताच्या उबेने पाच-सात मिनिटांत आतलं क्रीम सैल होतं. दोन बॅगा भरून एक फ्रिजमध्ये आणि एक हातात, अशी आलटून पालटून वापरली की शेवटचं फूलही पहिल्यासारखंच उभं राहतं.

आता क्रीम. घरी सजावटीला नॉन-डेअरी व्हिपिंग क्रीम सोयीचं. वनस्पती तेलाचं असल्यामुळे ते दुधाच्या क्रीमपेक्षा उष्णतेत जास्त टिकतं. चवीला दुधाचं क्रीम सरस आहे यात वाद नाही, पण किराणा दुकानात मिळणारं 25 टक्के फॅटचं फ्रेश क्रीम कितीही फेटलं तरी उभं राहत नाही. नॉन-डेअरीचा एक लिटरचा खोका गोठवलेला मिळतो. तो आदल्या रात्री फ्रीझरमधून काढून खालच्या कप्प्यात ठेवायचा. ओट्यावर ठेवून वितळवला तर बाहेरचा भाग कोमट आणि आतला बर्फ राहतो, आणि असं क्रीम दाणेदार फुलतं. एकदा वितळलेलं क्रीम पुन्हा गोठवू नये. खोका विकत घेताना हलवून बघा: दुकानातली वीज जाऊन वितळून पुन्हा गोठलेला माल आपल्याकडे उन्हाळ्यात हमखास गळ्यात पडतो. कडा फुगलेला, आकार बिघडलेला खोका सरळ परत करावा.

अर्ध्या किलोच्या, 6 इंची केकला न फेटलेलं 200 ते 250 ग्रॅम क्रीम लागतं, एक किलोला 350 ते 400. फुलून ते तिप्पट-चौपट होतं, तेव्हा भांडं खोल घ्या. स्टीलचं पातेलं आणि बीटरची पाती पंधरा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा, मग पातेलं बर्फाच्या पाण्याच्या परातीत बसवा. पाण्याचा थेंब क्रीममध्ये उडता कामा नये. आधी दोन मिनिटं मंद, मग मध्यम वेग. पात्याच्या रेषा पुसल्या जाईनाशा झाल्या की दर अर्ध्या मिनिटाला थांबून बघायचं. पाती उचलल्यावर टोक किंचित झुकलं तर ते केकला लेप द्यायला योग्य. ताठ उभं राहिलं तर फुलांना. सगळंच ताठ फेटलं तर लेप देताना पृष्ठभागावर भोकं आणि ओरखडे येतात, आणि हा दोष बहुतेकांना स्पॅट्युलाचा वाटतो. जास्त फेटून क्रीम दाणेदार झालं तर न फेटलेलं एक-दोन चमचे क्रीम घालून हाताने अलगद ढवळा, बरंचसं सुधारतं. साखर घालू नका, बहुतेक खोक्यांत ती असतेच. रंग जेलचाच हवा. पाण्यासारखा पातळ रंग गडद छटेसाठी जास्त घालावा लागतो आणि क्रीम ओघळतं. लाल आणि काळा तासाभरात आणखी चढतो, म्हणून हव्या त्या छटेच्या अलीकडे थांबा.

लेप दोनदा द्यायचा. पहिला इतका पातळ की खालचा केक दिसावा. त्यात चुरा अडकून बसतो. फ्रिजमध्ये 20 ते 30 मिनिटं ठेवून मग दुसरा. इथे संचातला वाकडा स्पॅट्युला खरंच चांगला आहे. त्याच्या वाकामुळे बोटं क्रीमला लागत नाहीत. स्क्रॅपर केकला 45 अंशात टेकवून एका जागी धरा आणि टर्नटेबल फिरवा. हात फिरवला तर पायऱ्या पडतात. केसर आंब्याच्या किंवा सीताफळाच्या दिवसांत आत फळ भरायचा मोह होतोच, आणि तो व्हावाही. फोडी चाळणीत अर्धा तास निथळू द्या, थराच्या कडेने क्रीमचा बांध काढा आणि फळ त्याच्या आतच ठेवा. नाहीतर रस झिरपून वरचा थर घसरतो.

फॉन्डंटची, म्हणजे लाटून केकवर पसरायच्या साखरेच्या गोळ्याची, हत्यारं काही संचांत असतात. मे महिन्याच्या कोरड्या हवेत फॉन्डंट लाटतालाटता तडकतं आणि पावसाळ्यात फ्रिजबाहेर येताच त्याला घाम फुटतो. पहिलं वर्षभर त्याच्या वाटेला जाऊ नये.

सरावासाठी महागडं क्रीम वाया घालवायची गरज नाही. 250 ग्रॅम वनस्पती तूप आणि 500 ग्रॅम चाळलेली पिठीसाखर फेटून घ्या, पालथ्या स्टीलच्या डब्यावर शिंपले, पाकळ्या, अक्षरं काढा, खरवडून पुन्हा बॅगेत भरा. हे मिश्रण खायचं नाही, पण हात बसेपर्यंत कितीही वेळा वापरता येतं. गुलाबाला 104 चं रुंद टोक खाली, अरुंद वर. मधला शंकू, मग 3, 5 आणि 7 पाकळ्या. क्रीमचं फूल खिळ्यावरून उचलण्याआधी दहा मिनिटं फ्रीझरमध्ये, मगच कात्री.

वरच्या चार नोझलांसोबत 1एम, वाकडा स्पॅट्युला, एक स्क्रॅपर आणि जाड बॅगा सुट्या घेतल्या, तर फक्त टर्नटेबलचा प्रश्न उरतो. घरात ते नसेल तर संच परवडतो, असेल तर सुटंच घ्यावं. दोन्हीकडे केक बोर्ड आणि खोका वेगळा आणावा लागतो: 6 इंची केकला 8 इंची बोर्ड, आणि केक ठेवण्याआधी बोर्डाच्या मध्यावर चमचाभर क्रीम, म्हणजे तो सरकत नाही. लातूरहून औशाला दुपारी दुचाकीवर केक नेणार असाल तर तो आधी किमान चार तास फ्रिजमध्ये गार करा. शक्य असेल तर सकाळी आठच्या आत निघा.

नोझल धुवून ओले डब्यात टाकू नका. जोडाच्या शिवणीत पाणी राहून तिथूनच गंज सुरू होतो. बारीक ब्रशने आतून घासा आणि फडक्यावर उपडे ठेवून पूर्ण वाळू द्या.